सग्डेन हाती लागत नाही

आमच्या हॉलिंगडेल ब्रास बँडमधलं सगळ्यात मोठं फुंकवाद्य, कवेत धरायचा ट्यूबा, आर्नल्ड सग्डेन वाजवायचा. म्हातारा, गवंडीकामातून निवृत्त झालेला, छातीचा भाता अजून शाबूत. वसंतात त्याने वरचे सगळे दात काढून घेतले, आणि नवी कवळी नीट बसेपर्यंत डॉक्टरने फुंकायला बंदी केली. आर्नल्डने घरी एकदा फुंकून पाहिलंच. कवळी ट्यूब्यात गेली. ती काढायला प्लंबर बोलवावा लागला.

तो सुटीवर असताना त्याच्या खुर्चीवर इमोजेन बसू लागली. शाळकरी पोर. ट्यूब्यामागून तिचे फक्त बूट दिसायचे, पण सूर असा लावायची की हॉलच्या खिडक्या थरथरत. समितीने ठरवलं, यंदाच्या बँडस्पर्धेला हीच आणि पुढेही हीच. हे आर्नल्डला फोन करून सांगायचं काम बँडचा तरुण सेक्रेटरी रोवन हेपवर्थ याच्याकडे आलं, कारण त्या बैठकीला तो एकटाच गैरहजर होता.

पुढच्या तालमीला बँडमास्तर मॉरीनबाईंनी विचारलं, "गाठलंस का आर्नल्डला?"

"कधीचा गाठायला बघतोय," रोवन म्हणाला. "हाती लागतच नाहीत."

आता आमच्या यॉर्कशरमध्ये या वाक्याला कुणी खोटं म्हणत नाही. ज्याला फोन करायचा राहून गेला तो रस्त्यात भेटला, की म्हणायचं, "अरे, तुलाच गाठायला बघतोय कधीचा!" तोही म्हणतो, "हो ना, मी सारखा बाहेर असतो." दोघांनाही ठाऊक असतं, दोघंही सुखाने घरी जातात. रोवनची चूक एवढीच, की त्याने हे वाक्य भलत्याच माणसाला ऐकवलं. मॉरीनबाईंना ते खरं वाटलं.

त्याच्या पुढच्या तालमीला त्या म्हणाल्या, "अजून नाही?"

"रिंग जाते. उचलत नाहीत."

झालं. वाक्याला तपशील चिकटला. रोवनने फोनला हातही लावला नव्हता. म्हणजे लावला होता, पण पुसायला.

"रिंग जाते आणि उचलत नाही?" ट्रॉम्बोनवाला डेस बिस्किट चहात बुडवत म्हणाला. "गेला तर नसेल?"

"कुठे?"

"वर."

बिस्किट तुटून चहात पडलं. ते काढायचं कुणाला सुचलं नाही.

"मग दार वाजवून बघू या ना," इमोजेन म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने खिडकीतून आत उडी मारायला सांगितलं.

"न कळवता? दारात जाऊन उभं राहायचं?" मॉरीनबाई म्हणाल्या. "आधी फोन नको करायला?"

"पण फोन उचलत नाहीत म्हणूनच तर..."

"मग तर मुळीच नाही, राजा. त्याला काय वाटेल?"

"ते मेले असतील तर त्यांना काय वाटणार?"

"शेजाऱ्यांना वाटेल ना!"

खरं सांगून टाकायचा हाच क्षण होता. रोवनने तोंड उघडलं. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो. मग तो म्हणाला, "मी कपबशा विसळून आणतो."

तोडगा डेसने काढला. न बोलावता कुणाच्या दारात उभं राहायची मुभा आमच्याकडे फक्त बँडला आहे, तीही नाताळात. तेव्हा नाताळची गाणी घेऊन जायचं. जून महिना चालू होता, पण शिष्टाचारापुढे महिन्याचं काय!

लख्ख उन्हात, संध्याकाळी, आम्ही आर्नल्डच्या घरासमोर रांग धरली आणि येशूच्या जन्माची वार्ता देऊ लागलो. शेजारीण गुलाबांना पाणी घालत होती. ती झारी ठेवून आत गेली आणि सवयीने पाद्रीबुवांच्या निधीसाठी नाणं घेऊन आली. रोवन तुतारीसारखं छोटं कॉर्नेट ओठांना लावून उभा होता. त्यातून आवाज येत नव्हता, हे मला शेजारून कळत होतं. मी ढोल वाजवतो, मला वेळ असतो.

पहिलं कडवं संपलं आणि दार उघडलं. आर्नल्ड! पायात सपाता, अंगात बँडचा लाल कोट, कवेत ट्यूबा. तो इमोजेनच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि दुसऱ्या कडव्याला बरोबर ठोक्यावर शिरला. कवळी जागची हलली नाही.

गाणं संपल्यावर तो हसला. "वाटलंच, न्यायला याल म्हणून. कवळी बसली तेव्हापासून, आठवडाभर, फोनच्या उशाशी बसलोय. जेवणसुद्धा तिथेच. एकदा वाजेल तर शपथ!"

सगळ्या माना हळूहळू रोवनकडे वळल्या. त्याचे कान कोटाच्या रंगाचे झाले होते.

"मिस्टर सग्डेन," तो म्हणाला, आणि पुढे तेच वाक्य जोडलं, "तुम्हालाच गाठायला बघत होतो कधीचा."

आर्नल्डने त्याच्याकडे पाहिलं. मग आमच्याकडे. मग इमोजेनच्या ट्यूब्याकडे जरा जास्त वेळ.

"हो ना," तो हलकेच म्हणाला. "माझा फोनच बिघडलाय बहुतेक. पोराला बोलू नका."

इथे मिटलं असतं. पण मॉरीनबाईंनी खिशातून मोबाइल काढला आणि बटण दाबलं.

घरात फोन खणाणला. न्हाणीघरातही ऐकू यावा म्हणून त्याने आवाज शेवटपर्यंत चढवून ठेवला असणार. शेजारीणही दचकली.

"झाला वाटतं दुरुस्त," आर्नल्ड म्हणाला. वाजणारा फोन तसाच वाजू देणं त्याच्या स्वभावात नव्हतं. ट्यूबा पायरीवर ठेवून तो आत गेला. खिडकीतून दिसला. "हॅलो, सग्डेन बोलतोय," हे आम्हाला दोन्हीकडून ऐकू आलं.

मॉरीनबाईंनी मोबाइल रोवनच्या हातात कोंबला. "घे. लागला हाती. सांग आता."

रोवनने आमच्याकडे पाठ केली. त्यामुळे तोंड थेट खिडकीकडे झालं.

"मिस्टर सग्डेन, मी हेपवर्थ."

"बोल पोरा."

"स्पर्धेचं... समितीचं असं म्हणणं... म्हणजे समितीचं नाही, आपलं सगळ्यांचंच..." त्याने मोबाइल दुसऱ्या कानाला लावला. "स्पर्धेला इमोजेन वाजवेल. आणि नंतरही. हे मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. मी फोनच केला नाही. एकदाही नाही."

खिडकीत आर्नल्ड रिसिव्हर धरून उभा होता. त्याने आमच्याकडे पाहिलं नाही, भिंतीकडे पाहिलं. आम्ही सगळे बुटांकडे पाहू लागलो. इमोजेन ट्यूब्यामागे गेली आणि तिथेच राहिली.

"चांगलं वाजवते ती," आर्नल्ड शेवटी म्हणाला. "आत्ताच ऐकलं. फोन केलास, बरं केलंस."

"मला माफ..."

"पायरीवरचा ट्यूबा बँडचा आहे. जाताना ने."

त्याने रिसिव्हर ठेवला. रोवन मात्र मोबाइल कानाला लावून तसाच उभा राहिला. मग गेला, फाटक उघडून पायरीपर्यंत. कुणी मदतीला हललं नाही, मीसुद्धा नाही. ट्यूबा आरशासारखा पुसलेला होता. रोवन कॉर्नेटवाला, एवढं धूड त्याने कधी उचललेलं नव्हतं. गळ्याला धरलं तर कलंडलं, कडेला धरलं तर पायावर आलं.

काचेवर टकटक झाली. आत आर्नल्ड दोन्ही हात पसरून, पोटाशी बाळ धरावं तसे आवळून, पुन्हा पुन्हा दाखवत होता. खालून धर. असं. खालून.