बंदी एकमताने मंजूर

एरवी पालकसभा म्हणजे गणवेश आणि बसची वेळ, आणि अर्धी माणसं डुलक्या घेत असत. त्या दिवशी मात्र चित्रकलेच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. ज्यांना बसायला मिळालं ते मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसले होते. माणसाला अशा अवस्थेत फार वेळ ठेवलं की त्याला कोणत्याही विषयावर ठाम मत येतं. विषय शेंगदाण्याचा होता.

चौथीच्या वर्गशिक्षिका, म्हणजे बाई, भिंतीला टेकून उभ्या होत्या. जिच्यासाठी ही सभा भरली होती ती मुलगी त्यांच्याच वर्गातली. पुढचे दोन दात मोठे म्हणून सगळा वर्ग तिला खारूताई म्हणे. या खारूताईला शेंगदाणा चालत नव्हता. चालत नव्हता म्हणजे अंगावर चार पुरळ उठतात तसं नव्हे. शेंगदाण्याचा कण पोटात गेला तरी घसा आतून सुजायचा आणि श्वासाची वाट बंद व्हायची. नशिबाला विनोद सुचतात खरे, पण त्यांचा दर्जा असा असतो.

“आज शेंगदाणा, उद्या दूध, परवा गहू,” जिम चालवणारे एक वडील म्हणाले. त्यांच्या मुलाला वर्गात पैलवान म्हणत आणि तो पीनट बटर लावलेल्या पावावर वाढत होता. “मुलांनी मग काय हवा खायची?”

“तुमच्या मुलाला शेंगदाण्याऐवजी दुसरं काही खाता येईल,” खारूताईची आई म्हणाली. ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायची. समोरचा माणूस चुकतोय हे दिसत असतानाही आवाज न चढवण्याची तिला सवय होती. “माझ्या मुलीला श्वासाऐवजी काय घेता येईल?”

“आमच्या वेळी नव्हती हो असली थेरं,” मागून एक आजोबा म्हणाले.

“होती की,” त्यांच्याच शेजारच्या आजी म्हणाल्या. “तेव्हा अशी पोरं जायची आणि आपण म्हणायचो, आयुष्यच तेवढं होतं.”

यावर सभा अंग चोरून बसली. सभेला हे फार वेळ जमत नाही.

आईच्या मागण्या दोन होत्या. एक, शाळेत शेंगदाण्याला बंदी. दोन, घसा सुजला तर द्यायचं तिचं इंजेक्शन वर्गातच राहील आणि ते द्यायला कुणीतरी शिकेल. ‘कुणीतरी’ हा शब्द उच्चारताच खोलीतल्या सगळ्या माना बाईंकडे वळल्या.

बाई वाघाला भ्याल्या नसत्या, पण सुईचं नाव काढलं की त्यांचे हातपाय गार पडत. रक्त तपासून घ्यायला गेल्या होत्या तेव्हा रक्त काढणाऱ्या मुलीच्याच अंगावर त्या कोसळल्या होत्या आणि शेवटी टेंगूळ त्या मुलीला आलं होतं. त्यांनी झटकन हिशेब केला: शेंगदाणाच नसेल तर सुई कशाला? आणि हात वर केला.

“मी म्हणते, बंदीच करू या.”

वर्गशिक्षिकेचा हात पाहून बाकीचे हात वर गेले. जिमवाल्यांचा सगळ्यात शेवटी गेला. एका मुलीच्या जिवापेक्षा पाव मोठा म्हणणारा माणूस अशी आपली नोंद व्हावी, असं त्यांनाही वाटत नव्हतं. हेडसरांनी ‘एकमताने मंजूर’ असं लिहिलं, खाली दोनदा रेघ ओढली आणि इंजेक्शनचा विषय वेळेअभावी पुढे ढकलला.

आई सोडणारी नव्हती. तिने बाईंना जिन्याजवळ गाठलं. पर्समधून जाड मार्करसारखं दिसणारं इंजेक्शन काढलं आणि त्याबरोबर सुई नसलेलं सरावाचं दुसरं.

“हे टोपण काढायचं. मांडीच्या बाहेरच्या बाजूला लावायचं, कपड्यावरूनही चालतं. खटका वाजेपर्यंत दाबायचं आणि तसंच धरून ठेवायचं. करून बघा.”

“पण आता बंदी झाली ना, ताई.”

“बाई, शिकाऊ माणसाला मी दिवसभर सांगते, ब्रेक दाब, ब्रेक दाब. तरी माझ्या पायाखाली माझा वेगळा ब्रेक असतोच. बंदी म्हणजे ते नुसतं सांगणं झालं.”

बाईंनी सरावाचं इंजेक्शन स्वतःच्या मांडीवर दाबलं. सुई नव्हती, तरी घाम फुटला.

खरं इंजेक्शन आईने बाईंच्या टेबलात ठेवायला दिलं होतं. ते हेडसरांनी ठेवून घेतलं. “मुलांच्या हाती लागलं तर? सुरक्षिततेचा प्रश्न आहे.” ऑफिसबाहेरच्या काचेच्या कपाटात, ढाली आणि करंडकांच्या मधोमध, त्यांनी ते उभं करून ठेवलं, कुलूप लावलं आणि चावी आपल्या जुडग्यात ओवली. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटे, शाळेला कशात तरी तिसरं बक्षीस मिळालंय. बाईंनीही ते तिथेच राहू दिलं. सुंठीवाचून खोकला गेला होता, तो परत कोण बोलावतो?

फाटकावर बोर्ड लागला. डबे उघडून बघितले जाऊ लागले. नियमही कडक होता: पहिल्यांदा सापडल्यास एक आठवडा घरी, दुसऱ्यांदा सापडल्यास शाळेतून नाव कमी.

यानंतर त्या शाळेत शेंगदाणे जेवढे खाल्ले गेले, तेवढे आधी कधीच खाल्ले गेले नसतील. पूर्वी मुलं उघड्यावर खात, बाई ओरडल्या की हात धुऊन येत आणि खारूताईपासून आपणहून चार हात लांब बसत. “ए, तू तिकडे सरक, माझ्याकडे दाणे आहेत,” असं पैलवान स्वतः सांगायचा. आता दाणे मोज्यातून येऊ लागले, कंपासपेटीतून येऊ लागले. बाकाखाली खाल्ले जाऊ लागले आणि हात चड्डीला पुसले जाऊ लागले. ‘सरक’ म्हणायची सोय उरली नव्हती, कारण सरक म्हणणं म्हणजे कबुली देणं. बाईंना अधूनमधून वास यायचा. त्या खिडकीकडे बघायच्या. लेकराला आठवडाभर घरी बसवायचं पाप कोण घेणार?

आणि मग एके दिवशी, मधल्या सुट्टीनंतर, खारूताई खोकली.

बाई फळ्यावर नदीची उपनदी काढत होत्या. खोकला पुन्हा आला, कोरडा, कुत्र्याच्या पिल्लासारखा. त्यांनी वळून पाहिलं. मुलगी मान खाजवत होती. वरचा ओठ एका बाजूने असा फुगला होता की ते दोन दात दिसेनासे झाले होते.

बाईंच्या हातातला खडू पडला. “मॉनिटर, पळ. हेडसरांना सांग, इंजेक्शन घेऊन या. ऑफिसात सांग, अँब्युलन्स बोलवा. पळ!” मॉनिटर पळाली. बाईंनी खारूताईला उचलून जमिनीवर घेतलं आणि भिंतीला टेकवून बसवलं. “काय खाल्लंस, बाळा?”

खारूताईने मान हलवली. काही नाही.

हेडसर आले ते रिकाम्या हाताने. कंबरेला जुडगा वाजत होता. “अँब्युलन्स बोलावलीय. काय झालं?”

“शेंगदाणा. सर, चावी द्या.”

“शेंगदाणा शक्य नाही,” हेडसर म्हणाले. “बंदी आहे.”

सूर्य पूर्वेला उगवतो हे सांगावं, तसं त्यांनी ते सांगितलं.

“तिचा ओठ बघा!”

“काहीतरी चावलं असेल. आईला फोन लावलाय, उचलत नाहीये. परवानगी नसताना सुई टोचली आणि उद्या साधं पित्त निघालं तर मला कोण वाचवणार?”

“आणि हिला?”

हेडसरांनी ते ऐकलं नाही असं नव्हे. त्यांच्या कपाळावर घाम होता. पण सुरक्षित शाळेचा दाखला द्यायला समिती येणार होती आणि शेंगदाणा मान्य करणं म्हणजे बंदी फसली हे मान्य करणं. ते वर्गाकडे वळले. “कुणी शेंगदाणा आणला होता? घाबरू नका. खरं सांगा. नियमाप्रमाणे जी काय ती कारवाई होईल.”

हा दिलासा ऐकून सगळ्या वर्गाने तोंडं शिवून घेतली. बाईंनी चेहऱ्यांवरून नजर फिरवली. कुणी रडत होतं, कुणी बाकाला नखं रुतवत होतं.

“तू सांग, बेटा,” हेडसर खारूताईसमोर वाकले. “शेंगदाणा खाल्लास?”

तिने पुन्हा मान हलवली. श्वास घेताना आता शिट्टीसारखा आवाज येत होता.

“बघा. तीच नाही म्हणते.”

बाईंना कळून चुकलं की या माणसाला ओठ दिसत नाही, शिट्टी ऐकू येत नाही. त्याला फक्त गुन्हेगार दिसतो. गुन्हेगार नाही म्हणजे शेंगदाणा नाही, आणि शेंगदाणा नाही म्हणजे चावी नाही.

“मी खाल्ले, सर.”

“काय?”

“शेंगदाणे. माझ्या पर्समध्ये होते. सुट्टीत खाल्ले, हात धुतले नाहीत आणि त्याच हाताने हिला पेन्सिल दिली. ही पेन्सिल चघळते.” बाई एका दमात बोलल्या. आयुष्यात इतकं सलग खोटं त्यांनी कधी रजेच्या अर्जातही लिहिलं नव्हतं. “आता धावा!”

हेडसरांच्या चेहऱ्यावर आधी संताप आला, आणि त्याच्या पाठोपाठ सुटकेसारखं काहीतरी. नियम बरोबर होता, माणूस चुकला होता. हे त्यांना समजत होतं. ते खरोखरच धावले. बाहेर कुलूप खडखडलं, एक करंडक फरशीवर आपटला आणि लांबपर्यंत गडगडत गेला.

खारूताईची मान कलंडायला लागली होती. बाईंनी तिला आडवं केलं. हेडसरांनी इंजेक्शन हातात दिलं तेव्हा टोपण बोटांनी निघता निघेना, ते दातांनी काढावं लागेल असं वाटलं. गार पडत चाललेला तळवा त्यांना आपला वाटेना. “माझ्याकडे बघ,” त्या म्हणाल्या, मुलीला की स्वतःला, देव जाणे. मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोक टेकवलं आणि स्कर्टवरूनच सगळा भार टाकून दाबलं.

खटका वाजला. त्यांनी हात काढला नाही.

शिट्टी होती, तशीच होती. मग ती थोडी जाड झाली, मग तुटक. मग खारूताईने एक मोठा, ओबडधोबड श्वास घेतला, आणि तो बाहेर सोडताना रडू लागली. रडायला हवा लागते. बाईंना याआधी कधी कुणाच्या रडण्याने इतकं बरं वाटलं नव्हतं.

हॉस्पिटलात आई आली ती ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीतून. मागच्या सीटवर एक शिकाऊ काका पांढरेफटक बसून होते. त्यांना उतरवायलाही ती थांबली नव्हती. हेडसरांनी फोनवर तिला सगळं सांगितलं होतं, म्हणजे त्यांना ठाऊक होतं तेवढं सगळं.

मुलगी शुद्धीवर होती, नाकाशी नळी होती. आईने तिच्या कपाळावर हात ठेवला, मग बाईंकडे वळली. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं, असं बाईंना वाटलं.

“तुम्ही? सभेत पहिला हात तुमचा होता, बाई.”

बाईंनी खाली पाहिलं.

“आई,” खारूताई घोगऱ्या आवाजात म्हणाली, “बाईंनी नाही खाल्ले.”

“मग कोणी?”

“नाही सांगणार.”

“अगं...”

“तो फाटकावर एकदा सापडलाय. आता त्याचं नाव काढतील शाळेतून. त्याने दिलं नव्हतं, मीच न विचारता त्याचा चमचा घेतला, चमच्याला दाणे लागलेले असणार. त्याला माहीतपण नाही.” तिने नळी नीट केली. “श्वास येत नव्हता तरी मी सांगितलं नाही. आता तर येतोय.”

आई खुर्चीवर बसली. ही बंदी तिने मागितली होती, तिच्यासाठी महिनाभर दारोदार फिरून हात गोळा केले होते. मुलीला गप्प बसवलं होतं ते तिनेच.

“उद्या जाऊन खरं सांगा,” ती शेवटी बाईंना म्हणाली.

“खरं सांगितलं तर ते वर्गात शोधायला येतील. मी गुन्हेगार आहे तोवर शोध बंद आहे.”

“आणि नोकरी?”

“जात नाही हो. नियमात स्पष्ट आहे. पहिल्यांदा सापडल्यास एक आठवडा घरी.” बाईंनी हसायचा प्रयत्न केला. “विद्यार्थी की शिक्षक, ते लिहायचं राहून गेलंय.”

“आणि तो आठवडाभर वर्गात कोण असेल?”

“बदली शिक्षिका येईल.”

“तिला इंजेक्शन देता येतं?”

बाईंचा चेहरा उतरला. हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. साऱ्या शाळेत ते एकट्या त्यांना येत होतं, आणि त्यांनी स्वतःलाच घरी बसवलं होतं.

आईने फोन काढला. हेडसरांनी पहिल्या रिंगला उचलला.

“बरी आहे ती. ऐका सर, मुलांना शिक्षा नको. कुणी दाणे आणले तर त्याने ओरडून सांगायला हवं, लपवायला नको. तो नियम काढा... हो, मीच मागितली होती बंदी. आता मीच सांगतेय.”

पलीकडून बराच वेळ काहीतरी येत राहिलं. एकमत, ठराव, समिती.

“मग माझं मत वजा करा. आणि बाईंना घरी बसवायचं असेल तर खुशाल बसवा, पण मग ते इंजेक्शन तुमच्याकडे आलं. मी सकाळी शाळा भरायच्या आधी येते शिकवायला. तुम्ही फक्त तुमची मांडी घेऊन या.”

मग हेडसरांनी काहीतरी विचारलं, इतक्या हळू की आईला फोन कानाशी दाबून धरावा लागला.

“दुखतं का? ते मला काय विचारता? जिला दिलंय तिला विचारा,” आई म्हणाली आणि तिने फोन मुलीच्या कानाला लावला.

खारूताईने घसा खाकरला, उशीवर जमेल तेवढी ताठ झाली आणि रोज सकाळी सगळा वर्ग म्हणतो तसं, हेल काढून म्हणाली, “गुड आफ्टरनून, सर.”