गारेला दिलेलं घर

गारपगारी म्हणजे कोण, हे आता सांगावं लागतं. जर्मनची लढाई नुकतीच संपली होती, त्या दिवसांत वऱ्हाडात हे कुणी विचारत नसे. गावाला जसा सुतार, जसा लोहार, तसा गारपगारी. फागुनात गहू पिवळा होऊन उभा असतो आणि नेमकं तेव्हाच मावळतीकडून आभाळ चालून येतं. अशा वेळी गारपगाऱ्यानं लंगोट लावून मारुतीच्या पारावर उभं राहायचं, आभाळावर त्रिशूळ रोखायचा, मंत्र म्हणायचा आणि गार शिवाराबाहेर हाकलून द्यायची. गार टळली तर खळ्यावर प्रत्येक घरचा सूपभर गहू त्याचा. नाही टळली तर सूप रिकामं, शिव्या मात्र भरभरून.

अनसिंगजवळच्या बोरखडीचा गारपगारी रूपला बरीच वर्षं शिव्यांवरच जगत होता. त्याचं त्याला फारसं वाईट वाटत नसे, कारण त्याच शिव्या तो स्वतःला आधीच देऊन मोकळा झालेला असे. "बापानं मंत्र देल्ला, आक्कल द्याची राह्यली," असं तो चारचौघांत सांगे आणि सगळ्यांच्या आधी हसे. दुसऱ्यानं हसण्याआधी आपण हसून घेतलं की कमी लागतं. ही एक विद्या त्याला मंत्रापेक्षा चांगली साधली होती.

मंत्रात खोट नव्हती, एवढं त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. रूपलाचा मंत्र लागू पडायचा, फक्त नको तिथं पडायचा. एकदा उफणणीच्या दिवसांत वारा फार भणाणला, म्हणून मारोतराव पाटलांनी त्याला तो जरा आवरायला सांगितला. रूपलानं वारा पागोट्याच्या पदरात गाठ मारून बांधला. इतका पक्का बांधला की झाडाचं पान हलेना आणि सोडायचा मंत्र काही केल्या आठवेना. गावभर खळी तशीच पडली, दाणा भुशात आणि भुसा दाण्यात. शेवटी त्याची बायको चतुराबाई हिनं ते कळकट पागोटं ओढ्यावर धुवायला नेलं आणि आधी गाठ सोडली. वारा असा सुटला की अख्ख्या गावाचं धुणं मंगरूळपीरच्या वाटेला लागलं. बायका चतुराबाईशी कितीतरी दिवस बोलल्या नाहीत.

पण खरा घोटाळा गारेचाच. आभाळातून निघालेली गार परत जात नाही, तिला पडायला जागा लागते, आणि ती जागा मंत्राच्या शेवटी आपण सांगायची असते. रूपलाच्या बापानं त्याला बजावलं होतं, "चूल पेटते अशी जागा सांगजो. बेवारस जागा गार घेत नाई." म्हणजे कुणाचं तरी गाव सांगायचं, नाहीतर घर. रूपलाला हे काही पटलं नाही. कुणाची चूल नीट पेटलेली असताना तिच्यावर गार धाडायची म्हणजे काय? आणि बापाला तोंडावर नाही म्हणायची छाती नसल्यामुळे तो पळवाटा काढत राहिला.

एका वर्षी त्यानं गारेला अडाण नदी सांगितली. गार नदीवर गेली, तिथं कुणाचीच चूल नाही हे पाहून चिडली आणि नदीतले मासे उचलून बोरखडीवर येऊन पडली. हरभरा गेला, घरोघरी मासे शिजले, आणि माळकरी लोक रूपलावर दुप्पट चिडले. पुढं त्यानं उजाड माळ सांगून पाहिला. माळावरून ती बाभळीचे काटे घेऊन आली. मग त्यानं मसणवट सांगितली. तिथं तर कुणाची चूल असायचा प्रश्नच नाही, असा त्याचा हिशेब. नेमकी त्याच वेळी पाटलांची चुलती वारली होती आणि सारं गाव तिथं जमलं होतं. गारेला आग दिसली, माणसं दिसली, तिला तेवढं पुरलं. त्या दिवशी ज्या डोक्यांना टेंगळं आली, त्यांत सगळ्यात मोठं टेंगूळ पाटलांचं होतं. गावचा दिलावर पिंजारी तेव्हापासून रूपला पारावर चढला की न चुकता डोक्यावर गादी घेऊन उभा राही.

उलट शेजारच्या उमरदरीचा देवला गारपगारी पाहा. उमरदरीवर वर्षानुवर्षं गार पडलीच नव्हती. देवलाचं पागोटं पांढरंशुभ्र, मिशीला तेल, त्रिशूळ राखेनं घासून लख्ख. कापूस उघड्यावर पडला असला की कारंज्याचे व्यापारी त्याच्यासाठी बैलगाडी धाडत. मंत्र म्हणताना त्याचे नुसते ओठ हलत, आवाज फुटत नसे. गार कुठं धाडता, असं विचारलं तर मिशीतल्या मिशीत हसून तो विषय बदले. रूपलाला त्याचा हेवा वाटे. हेव्याहूनही त्याच्यावर श्रद्धा जास्त होती, कारण आपल्याला जे जमलं नाही ते कुणाला तरी जमतं, यात त्याला एक समाधान होतं.

त्या वर्षी गहू असा आला की म्हाताऱ्याकोताऱ्यांनी तोंडात बोटं घातली. मारोतराव पाटलांनी रूपलाला पारावर बोलावून घेतलं.

"रूपल्या, तुह्या बापानं या गावची लय राखन केली. त्याच्याकडं पाहून आजवरी तुले ठेवलं. आता नाई जमत. यंदापासून आपल्या गावची गारबी देवलाच पाहीन."

"बराबर हाय, पाटील," रूपला म्हणाला. "मी पाटील असतो त मले पयलेच हाकललं असतं."

लोक हसले, रूपलाही हसला. घरी आल्यावर मात्र त्याच्यानं भाकर गिळवेना. आपण कुचकामी आहोत असं आपणच म्हणणं वेगळं, आणि सगळ्या गावानं माना डोलावून ते कबूल करणं वेगळं. बापाचा त्रिशूळ कोपऱ्यात उभा होता. त्याच्याकडे पाहायचीही रूपलाला लाज वाटली.

"आता या त्रिशुळाचं काय कराचं?" चतुराबाई म्हणाली. "वांगे भाजाचे काय त्याच्यावर?"

"करपतीन," रूपला म्हणाला. "माह्या हातचे हायेत न."

ती हसली नाही. "मले थट्टा नका सांगू. मले सूपभर गहूबी नको. एकदा, फक्त एकदा या गावानं म्हनावं का रूपला व्हता म्हनून आमी वाचलो. मंग खुशाल घरी बसा." आणि तिनं पदर डोळ्यांना लावला. रूपलानं पुढ्यातली भाकर तशीच झाकून ठेवली.

आणि दुसऱ्याच आठवड्यात भर दुपारी आभाळ आलं. वरून काळं, पोटाशी पांढुरकं, आणि त्याच्या पोटात जातं फिरल्यासारखी घरघर. देवलाला घेऊन पाटलांची बैलांची दमणी धावत आली. सारं गाव पारापाशी जमलं. दिलावर सवयीनं गादी घेऊन आला होता, पण देवलाला पाहून त्यानं ती खाली ठेवली.

देवलानं लख्ख त्रिशूळ रोखला. ओठ हलू लागले. बोरखडीच्या हद्दीवर आभाळ जागच्या जागी थांबलं. लोकांच्या तोंडून 'वा' निघून गेलं. गर्दीच्या मागं उभ्या रूपलाच्याही तोंडून निघालं. मग देवलाचे ओठ हलायचे थांबले. तो नुसताच उभा राहिला. कपाळावरून घाम मिशीत उतरू लागला, आणि आभाळाची घरघर वाढली.

रूपला पाराजवळ सरकला. "दादा, जागा सांगा न तिले. केवढी ताटकळून राह्यली ते."

"सांगतो," देवला म्हणाला, पण सांगेना.

"दरसाली कोनती सांगता?"

देवलानं एकदा आभाळाकडं पाहिलं, एकदा पाटलांकडं. "बोरखडी," तो पुटपुटला.

"आमची?"

"काय करू? हद्दीले लागून, अन् चुली भरपूर. तुहा मंत्र जाये भलतीकडं, मंग मले अडवाले कोनी नसे. आता दोनी गावं माह्याच अंगावर. कोनाचं नाव घेऊ?"

रूपलाच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्याला आपण देवासारखं मानलं, त्याची अर्धी करामत आपल्याच गावच्या गव्हावर चालली होती! उचलून पारावरून खाली फेकावं, असं त्याला वाटलं. आणि त्याच रागात त्याच्या मनात भलताच एक विचार आला, आणि तो तोंडातून निसटलाच. "म्हंजे मी निम्माच नालायक हावो? हे पयले सांगाचं न दादा, बायकोच्या कानावर घातलं असतं."

"ते राहू दे!" पाटील ओरडले. "देवला, दुसऱ्या कोन्या गावचं नाव घे!"

"कोन्या? उगवतीले तुमची सासुरवाडी हाय."

पाटील एकदम थंड झाले. "मंग दक्षिनेले?"

"तिथं माही पोरगी देल्ली हाय. अन् उत्तरेले पीरबाबाची जमीन, तिकडं माही हिंमत नाई."

"मंग तुही उमरदरी!"

"तिथं माहं घर हाय!" देवला जवळजवळ किंचाळला. त्याचा त्रिशूळ कलला आणि बोराएवढी पहिली गार पारावर टणकन आपटली. दिलावरनं गादी उचलली.

रूपला कधी पारावर चढला, हे त्यालाही कळलं नाही. त्यानं देवलाच्या हातातून त्रिशूळ घेतला. तो इतका गुळगुळीत होता की हातातून निसटू पाहत होता. लंगोट नाही, अंगाला राख नाही, चुरगळलेल्या धोतरात उभं राहून त्यानं मोठमोठ्यानं मंत्र म्हणायला सुरुवात केली. गर्दीतल्या माळकऱ्यांनी डोळे मिटून घेतले.

मंत्र जागेपाशी येऊन ठेपला. नदी झाली होती, माळ झाला होता, मसणवटही झाली होती. पळवाट आता एकही उरली नव्हती. चूल पाहिजे होती. समोर गावच्या छपरांतून धूर निघत होता आणि प्रत्येक धुराखाली कुणाचा तरी संसार होता. दुसऱ्याच्या चुलीचं नाव घ्यायला त्याची जीभ आजही उचलेना. ज्या चुलीचं नाव घ्यायचा त्याला हक्क होता अशी गावात एकच होती. त्यानं बायकांच्या घोळक्यात चतुराबाईकडं पाहिलं.

चतुराबाई त्याच्या नजरेवरून ओळखून चुकली. तिचं तोंड पांढरं पडलं. मग ती केवढ्यांदा तरी ओरडली, "थांबा! मले पीठ त काढू द्या!" आणि घराकडं धावत सुटली.

रूपला थांबला. सारं आभाळ त्या निसटत्या त्रिशुळावर तोलून तो उभा राहिला. खांदे भरून आले. "लवकर ये वं," तो दात आवळून म्हणत होता, "फुटकं गाडगं नको काढत बसू." घरातून आधी शेळी निघाली, मग डोक्यावर पिठाची परात आणि काखेत बापाचा त्रिशूळ घेऊन चतुराबाई निघाली. ती आंब्याच्या झाडापर्यंत पोचलेली पाहिली आणि रूपलानं मंत्र पुरा केला.

"जाय! रूपला गारपगाऱ्याच्या घरावर जाय! चूल पेटेल हाय, आताच भाकरी झाल्या!"

दोन शिवारांवर पडायची गार एका घरावर पडली. आवाज असा झाला की बैलांनी दावी तोडली. बाजूच्या शेतातल्या गव्हाची एक ओंबी हलली नाही. आभाळ रिकामं होऊन फिकट पडलं, तेव्हा घराच्या जागी पांढरा ढीग होता आणि त्यातून मोडक्या छपराचा एक वासा वर आलेला होता.

रूपला पारावरून उतरला. "पाहा," तो म्हणाला, "आयुष्यात पयल्यांदा माहा मंत्र धाडला तिथंच गेला." एवढं बोलून तो मटकन खाली बसला आणि रडू लागला.

चतुराबाई परात घेऊन त्याच्याजवळ आली. तीही रडत होती, पण तिची जीभ शाबूत होती. "एवढा नेम साधत व्हता त देवलादादाचं घर काय वाईट व्हतं?"

"आलं व्हतं तोंडावर," रूपला नाक पुसत म्हणाला. "पन त्याची बायको पीठ काढाले पोचली नसती."

गव्हाची मळणी व्हायच्या आधी गावानं घर उभं केलं. पाटलांनी वासे दिले, दिलावरनं गादी दिली. उमरदरीहून देवला डोक्यावर गवताच्या पेंढ्या घेऊन आला. पागोटं मळलं होतं, मिशीला तेल नव्हतं. छपर शाकारताना तो हळूच म्हणाला, "रूपला, मी लय करून पाह्यलं. सोताच्या घराचं नाव जिभेवर येतच नाई. तुले कसं जमलं?"

"त्याले इद्या नाई लागत, दादा. दुसरं काईच जमत नसलं का ते जमते."

खळ्यावर पहिलं सूप मारोतराव पाटलांनी भरलं. त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "रूपला व्हता म्हनून आमी वाचलो. पदर पसर, रूपला."

नेहमीप्रमाणे आधी आपणच काहीतरी टोला हाणावा म्हणून रूपलानं तोंड उघडलं आणि टोला न हाणताच मिटून घेतलं. त्यानं मागं चतुराबाईकडं पाहिलं. ती भरल्या डोळ्यांनी म्हणाली, "पसरा न. हात काहून बांधून ठेवले?" त्यानं घाईघाईनं पागोट्याचा पदर पसरला. पाटलांनी सूप ओतलं. पदराला चांगलं मनगटाएवढं भोक होतं. सगळा गहू त्यातून सरसर खाली, खळ्यात जिथला तिथं जाऊन पडला.

खळं हसून लोटपोट झालं. पाटील हसले, दिलावर हसला, चतुराबाई तोंडाला पदर लावून हसली. आणि सगळ्यांचं हसून झाल्यावर, अगदी शेवटी, रूपला हसला.