मागे पडणारी गिटार

संगीत माणसातलं जनावर शांत करतं, हे सर्व काळच्या विचारवंतांना मान्य आहे. त्यांच्यापैकी कोणी सख्ख्या भावाबरोबर रेकॉर्डिंग केलेलं नसावं.

गॅरेजच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकून थोरल्यानं स्टुडिओ केला होता. ड्रम तो वाजवायचा, गिटार धाकटा. कॉम्प्युटर दाजींकडे, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याकडे. दाजींनी इंटरनेटवरून फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं होतं. "ओपन सोर्स आहे. जगातलं कुणीही आत बघून सुधारू शकतं," ते अभिमानानं सांगत. स्वतः त्यांनी अजून बघितलं नव्हतं.

आधी थोरल्याचे ड्रम रेकॉर्ड झाले. ते हेडफोनवर ऐकत धाकट्यानं गिटार वाजवली. परत लावून पाहिलं, तर गिटार ड्रमच्या मागून फरफटत येत होती.

थोरल्यानं एक कानाखाली काढली. "झोपलायस काय?"

"दादा, मी तालातच होतो रे."

"मग मशीन खोटं बोलतंय?"

"मशीन कशाला खोटं बोलेल?" दाजी म्हणाले.

दुसऱ्या खेपेलाही तेच. या वेळी थोरल्यानं माइकचा स्टँड तोंडावर हाणला. धाकट्याची किंकाळी बाहेर अजिबात ऐकू गेली नाही. गाद्यांचं काम चोख झालं होतं.

"आता मागे पडलास तर बँडमधून बाहेर."

धाकट्याला गिटारशिवाय जगात दुसरं काही येत नव्हतं. त्यानं रक्त थुंकलं. जीव मुठीत धरला तर गिटार वाजवता येत नाही, म्हणून जीव ओतून वाजवलं. गिटार तेवढीच मागे. थोरल्यानं त्याचा डावा हात चौकटीवर दाबला आणि दार लावलं. करंगळीशेजारचं बोट काटकीसारखं मोडलं.

जमिनीवरून धाकटा म्हणाला, "आता तू वाजव. तुझ्याच ड्रमवर."

थोरल्यानं हसत हसत वाजवलं. मग ऐकलं. नवे ड्रम जुन्या ड्रमच्या मागून, तेवढेच उशिरा, लंगडत आले.

थोरल्याचे हात शिवशिवले. कॉम्प्युटर लावणारा समोरच बसला होता. पण जावयावर हात टाकायची घरात पद्धत नव्हती. त्यानं धाकट्याच्या बरगडीत लाथ घातली. "हे आधी बोलायला काय झालं होतं?"

दाजींनी पहिल्यांदाच मदतीचं पान उघडलं. आवाज मशीनमध्ये शिरून नोंदला जाईपर्यंत जरासा वेळ जातो. तो मोजून सेटिंगमध्ये भरायचा असतो.

"अरे वा, लिहिलंय की इथे!"

त्यांनी आकडा भरला आणि आधीची गिटार माऊसनं तेवढीच अलीकडे ओढली. ती ड्रमवर चपखल बसली. एक ठोका इकडचा तिकडे नाही.

"वाजवतोस चांगलं," थोरला धाकट्याला म्हणाला.

उरलेल्या गाण्यांना मात्र धड बोटांचा माणूस हवा होता. दाजींना तीन कॉर्ड येत होते. त्यांना घेतलं.