व्यक्ती क्रमांक एक

"आई, एक ते दहामध्ये किती? एक म्हणजे अगदी वाईट, दहा म्हणजे एकदम मस्त."

भिंतीकडे तोंड करून पडलेल्या आईने उत्तर दिलं नाही. मुलीने मनगटावरच्या घड्याळात तीस सेकंद मोजले आणि वहीत एक आडवी रेघ मारली. मग खिडकीचा पडदा अर्धा सरकवला, पाण्याचा पेला उशाशी ठेवला आणि दप्तर खांद्याला अडकवलं.

दारात चपला घालता घालता थबकलेला बाप हे सगळं पाहत होता. "काय लिहिलंस गं? शून्य?"

"शून्य नाही हो बाबा. शून्य देणं वेगळं आणि उत्तरच न देणं वेगळं. मॅडमनी सांगितलंय, दोन्हींची गल्लत करायची नाही."

बापाने मान हलवली. त्याच्या लेखी दोन्ही सारखंच होतं, पण बारा वर्षांच्या मुलीशी वाद घालून तो आजवर एकदाही जिंकलेला नव्हता.

हा बाप कवळ्या बनवायचा. दातांच्या एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत, प्लास्टरच्या धुरळ्यात आणि गुलाबी मेणाच्या वासात त्याची एकोणीस वर्षं गेली होती. डॉक्टर जबड्याचे ठसे पाठवत. त्यावरून तो साचा ओतायचा, मेणाच्या हिरड्या करायचा, त्यात एकेक दात बसवायचा. पेशंट त्याला कधी दिसत नसत. त्यांचे जबडे तेवढे ओळखीचे. मुलगी बोलू लागली तीच मुळी 'का? का?' करत. पाऊस का पडतो, मुंगी का चावते, तुमच्या पँटला पांढरं का लागतं. तेव्हा डॉक्टर हसत म्हणाले होते, "कवळीवाल्याच्या घरी कावळी जन्माला आली की!" तेव्हापासून घरीदारी ती कावळीच.

कावळी हुशार निघाली. कुणावर गेली कोण जाणे! मार्चमध्ये शाळेने तिला कसल्याशा परीक्षेला बसवलं आणि महिन्याभराने पत्र आलं. सहावी ते आठवीच्या निवडक मुलांसाठी कॉलेजात उन्हाळ्याचे तीन आठवड्यांचे वर्ग होते. गणित, खगोल, कॉम्प्युटर, मानसशास्त्र. कुठलाही एक विषय निवडायचा.

"गणित घे," बाप म्हणाला. "पुढे उपयोगी पडेल."

"मानसशास्त्र."

"त्यात काय शिकवतात? लोकांच्या मनातलं ओळखायला?"

"माणसं अशी का वागतात ते," ती म्हणाली आणि अर्ज भरून टाकला. पोरीची लहर, असं त्याने मनाशी म्हटलं. खोलीच्या बंद दाराकडे तेव्हा तिची नजर गेली होती, पण ते त्याला आठवलं फार उशिरा.

त्या दाराआड तिची आई दोन वर्षं पडून होती. पूर्वी ती पोस्टात तिकिटांच्या खिडकीवर बसायची. तिथल्या रांगेतल्या निम्म्या लोकांना ती नावानिशी ओळखायची आणि संध्याकाळी घरी येऊन त्यांच्या नकला करायची. मग हळूहळू नकला थांबल्या, नंतर गप्पा, नंतर आंघोळ, आणि एके दिवशी ती उठलीच नाही. कुणी गेलं नव्हतं, भांडण झालं नव्हतं, आजारपण नव्हतं. काही घडलंच नव्हतं, हीच तर पंचाईत होती. घडलं असतं तर निस्तरता तरी आलं असतं. मनोविकाराच्या डॉक्टरांनी तीनदा गोळ्या बदलल्या. पुढची तारीख अजून दोन महिन्यांनी होती. बापाची मोठी बहीण येऊन म्हणाली, "लाडावून ठेवलीस. दोन दिवस जेवायला देऊ नकोस, आपोआप उठेल." त्या दिवसापासून त्याने बहिणीकडे जाणं सोडलं.

वर्गातल्या मॅडमनी पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना एक प्रयोग करायला सांगितला होता. एक व्यक्ती निवडायची, तिची एक सवय पाहायची, छोटासा बदल करून बघायचा आणि रोज मोजमाप ठेवायचं. कुणी भावाचं नखं खाणं घेतलं, कुणी आजोबांचं टीव्ही बघणं. कावळीने वहीच्या पहिल्या पानावर रेघ आखून लिहिलं, 'व्यक्ती क्रमांक १. सवय: सकाळी उठण्याची वेळ. बदल: पडदा अर्धा सरकवणे, पाणी उशाशी, कसं वाटतंय ते एक ते दहामध्ये विचारणे.'

"आईचं नाव का नाही लिहिलंस?" बापाने विचारलं.

"लिहायचं नसतं. गुप्त ठेवायचं असतं. तुम्हीपण कुणाला सांगू नका."

आणि आश्चर्य म्हणजे प्रयोग लागू पडला. चौथ्या दिवशी तो दाढी करत होता, तेवढ्यात मागे स्वयंपाकघरात भांडं वाजलं. वळून पाहतो तर बायको ओट्याशी उभी. केस विस्कटलेले, एक हात भिंतीला टेकलेला, पण उभी. तिने चहा केला. साखर घालायची राहिली. तिघांनी तो अगोड चहा संपवला. कावळीने वहीत लिहिलं, '८ वाजून १० मिनिटं.' पाचव्या दिवशी आठ. सहाव्या दिवशी आईने तिची वेणी घातली; एक बाजू सैल, एक घट्ट. कावळीने ती दिवसभर तशीच मिरवली.

त्या दिवशी दवाखान्याच्या मागच्या खोलीतून शीळ ऐकू आली तेव्हा डॉक्टर दारात येऊन उभे राहिले. "काय हो, आज स्वारी फारच खुशीत!"

"सहज," तो म्हणाला. बसलेली घडी बोलल्याने विस्कटेल अशी त्याला धास्ती होती.

संध्याकाळी मुलगी खाली दुकानात गेली असताना बायको आपणहून बोलली. कितीतरी दिवसांनी एवढं लांबलचक बोलली.

"ती वही घेऊन उभी राहते ना, मला उठावंच लागतं. तिचं तोंड बघवत नाही मला."

"बरंय की मग! उठतेयस ना?"

"तू समजतोस तसं नाहीये ते. एकदा उठले की दिवसभराचं सगळं संपतं माझं. आणखी एक-दोन दिवस रेटीन मी. मग नाही जमायचं." तिने त्याच्याकडे पाहिलं. "तिला सांग. तिला वाटायला नको, तिच्यामुळे झालं."

तो "हो" म्हणाला. सांगितलं मात्र नाही. कसं सांगायचं ते सुचेना, आणि मनाच्या एका कोपऱ्यात वेडी आशा होतीच की कदाचित रेटेल, कदाचित जमूनही जाईल.

आठव्या दिवशी ती उठली नाही. नवव्याही नाही. दहाव्या दिवशी पडदा सरकवल्यावर तिने पांघरूण डोक्यावरून घेतलं आणि आतून बारीक आवाजात म्हणाली, "नको गं, बाळा."

कावळीने हातपाय गाळले नाहीत. मुलांनी हट्टाने रडावं तशी ती हट्टाने कामाला लागली. "पायरी मोठी झाली, बाबा. मी एकदम दोन कामं वाढवली, चहा आणि वेणी. एकच वाढवायचं होतं." तिने नवा तक्ता आखला. नुसतं उठून बसणं. मग नुसता पाय खाली ठेवणं. मग नुसतं कूस बदलणं. रोज पायरी लहान होत गेली आणि रोज ती चढणं आईला जड होत गेलं. रेघांमागून रेघा पडल्या. मुलगी जेवताना वही उघडी ठेवू लागली. बापाने दोनदा ती लपवावी म्हणून हातात घेतली आणि दोनदा जागच्या जागी ठेवून दिली.

शेवटी एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, तो कॉलेजवर गेला. मॅडम म्हणजे पंचवीस-सव्विशीची मुलगीच होती. तिने खुर्ची पुढे केली. पँटचं प्लास्टर खुर्चीला लागेल म्हणून तो उभाच राहिला.

"कावळीच्या प्रयोगाबद्दल बोलायचं होतं. ती जी व्यक्ती आहे ना, ती तिची आई आहे."

मॅडमच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "ती म्हणाली, ओळखीच्या एक बाई आहेत. मला वाटलं, शेजारीण वगैरे असतील. मी विचारायला हवं होतं."

"तुमचा दोष नाही. मी एवढंच विचारायला आलोय, की तुम्ही यातलं शिकलाय. तर काय करू, ते सांगा."

तिने टेबलावरचा खडू उचलला. "मी फक्त शिकवते हो. उपचार करायचं माझं शिक्षण नाही. डॉक्टरांकडे जाता ना?"

"दोन वर्षं झाली."

"मग..." तिने खडू खाली ठेवला. "मी तिला विषय बदलायला सांगते. पाठांतराचं काहीतरी सोपं देते."

त्याने विचार केला. "नको. काढून घेतलात तर ती वहीशिवाय करत बसेल. वहीत असलं म्हणजे निदान दिसतं तरी."

तिने मान खाली घातली आणि एका कागदावर आपला फोन नंबर लिहून दिला. "काहीही लागलं तर कळवा." काय लागेल आणि लागलं तर ती काय करेल, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. त्याने तो कागद नीट घडी करून खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी कावळी घरी आली ती थेट त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "तुम्ही मॅडमना भेटलात ना?"

"हो."

"त्यांनी मला बाहेर बोलावलं. म्हणाल्या, प्रयोग फसला तरी चालतं, तुझा काही दोष नाही." तिने दप्तर खाली टेकवलं. "त्यांना काही येत नाही, बाबा. त्या रडल्या."

"रडल्या?"

"थोड्या. मग मीच त्यांना पाणी आणून दिलं."

शेवटच्या दिवशी मुलांनी पालकांसमोर आपापला प्रयोग मांडायचा होता. आई म्हणाली, मी येते. सकाळी तिने खरोखरच इस्त्रीचे कपडे घातले, केस विंचरले, पर्स मांडीवर घेतली आणि पलंगाच्या काठावर बसली. दहा मिनिटं गेली, वीस गेली. कावळी दारात उभी होती. त्या दिवशी तिने घड्याळाकडे पाहिलं नाही.

"तुम्ही व्हा पुढे," आई म्हणाली. "मी येतेच मागून."

येणार नाही हे तिघांनाही कळत होतं. शेजारच्या काकू सोबतीला येऊन बसल्या आणि बापलेक निघाले.

कॉलेजचा हॉल भरला होता. नखं खाणाऱ्या भावाचे फोटो झाले, टीव्हीवाल्या आजोबांना सभेत उभं करून टाळ्या झाल्या. मग कावळी आली. भिंतीवर तिचा आलेख झळकला. एक रेघ थोडी वर चढलेली आणि मग खाली उतरत उतरत तळाशी टेकलेली. तिने घोटून पाठ केल्यासारखं, न अडखळता सगळं सांगितलं. व्यक्ती क्रमांक एक, वय बेचाळीस. बदल कोणते केले, किती दिवस. "निष्कर्ष. केलेल्या बदलांचा परिणाम टिकला नाही."

परीक्षक म्हणून आलेले पांढऱ्या केसांचे प्राध्यापक पुढे वाकले. "शाबास! फसलेला प्रयोग मांडायला हिंमत लागते. आता सांग बघू, तो का फसला असेल?"

"तीन कारणं असू शकतात, सर. एक, माझी पद्धत चुकली असेल. दोन, वेळ कमी पडला असेल. कोर्स तीनच आठवड्यांचा होता. आणि तीन..." ती पहिल्यांदाच अडखळली. "तीन, त्या व्यक्तीला प्रयोग करणारीला वाईट वाटू द्यायचं नव्हतं. म्हणून सुरुवातीला ती खोटं खोटं उठली असेल."

'खोटं खोटं'वर हॉलमध्ये हशा पिकला. प्राध्यापकही हसले. "वा! मोठमोठे संशोधक नेमकं हेच विसरतात!" ते म्हणाले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मॅडम भिंतीशी उभ्या होत्या, त्यांनी टाळी वाजवली नाही. बापाचे हात मांडीवर दगडासारखे पडून राहिले. पोरीला कळलं होतं. कधीपासून? ती चहा प्यायली तेव्हाच? का सैल वेणी मिरवत गेली तेव्हा?

बाहेर आल्यावर बसथांब्यावरच्या बाकड्यावर दोघं बसले. तिच्या हातात पहिल्या क्रमांकाचं प्रशस्तिपत्र होतं. ते चुरगळू नये म्हणून त्याने मागून घेतलं. ऊन रणरणत होतं. एवढ्या वेळात तिला सांगायचं म्हणून त्याने दहा वाक्यं मनाशी जुळवली आणि मोडली.

"कावळे," तो शेवटी म्हणाला, "आईला उठवायचं, हे तुझं काम नव्हतं गं."

ती समोर रस्त्याकडे पाहत होती. "मग कुणाचं होतं?"

डॉक्टरांचं म्हणावं तर डॉक्टर होते, आपलं म्हणावं तर आपण होतो. तिने उत्तराची वाट पाहिली, बरीच पाहिली. मग हळूच त्याच्याकडे सरकली आणि त्याचा दंड दोन्ही हातांनी धरून तिने डोकं टेकलं. शाळेत जायला लागल्यापासून तिने असं कधी केलं नव्हतं. तिचं डोकं तापलं होतं. त्याने प्रशस्तिपत्राची सावली तिच्या चेहऱ्यावर धरली.

घराकडे जाणारी बस आली. दार उघडलं, कंडक्टरने दोघांकडे पाहिलं, थोडा वेळ थांबून घंटी मारली. कुणी उठलं नाही. धूळ खाली बसली.

"बाबा, पुढच्या बसने जाऊया का?"

"जाऊया."

पुढची बसही आली आणि गेली. तो हात न हलवता, कागद तसाच धरून बसून राहिला.