कोंबड्यांचं वाक्य

“पुरात एक खोकं गेलं, भूकंपात एक. आता डोंगर खचलाय, म्हणजे दोन तरी लागणार. आणि टिश्यू आणायला तीन जिने उतरायचे कोणी, तर मी.”

रेकॉर्डिस्ट स्वतःशीच पुटपुटत होता. पण काचेपलीकडे बोलायचं बटण त्याच्या कोपराखाली दाबलं गेलं होतं, त्यामुळे त्याची कुरकुर हेडफोनमधून थेट वहिनीच्या कानात पडली. तिनं काचेवर टिचकी मारली. त्यानं कोपर उचललं, जीभ चावली, आणि उगाचच बिस्किटाचा पुडा कागदांखाली सरकवला.

स्टुडिओ नणंदेचा होता. ती वहिनी म्हणायची म्हणून रेकॉर्डिस्टही वहिनी म्हणायचा, आणि चहावालाही. काम तसं साधं. लांबलांबच्या देशांतली माणसं पडद्यावर त्यांच्या भाषेत आपलं दुःख सांगायची. त्यावर आपल्या भाषेतला आवाज चढवायचा. रीत ठरलेली होती. आधी मूळ आवाज जरासा ऐकू द्यायचा, मग तो खाली दाबायचा आणि वर आपला सोडायचा. खालचा आवाज, वरचा आवाज. नवरा गेल्यावर नणंदेनंच तिला या कामाला बसवलं होतं. आवाज चांगला होता. रडणं तेवढं जमायचं नाही, आणि या धंद्यात ते म्हणजे स्वयंपाक्याला मिठाचा अंदाज नसण्यासारखं.

याबद्दल घरात कुणी बोलत नसे. फक्त ती सासरी गेली, की गॅसवरचं दूध कुणीतरी तिच्याआधी धावत जाऊन उतरवायचं, आणि मग सगळे एकदम उकाड्याबद्दल बोलायला लागायचे.

नणंद मात्र सढळ हातानं रडायची. तिच्या रडण्याला पायऱ्या होत्या. लहान मूल असलं की लगेच. म्हातारं माणूस असलं तर जरा दमानं. ढिगाऱ्यातून कुत्रं जिवंत निघालं की सगळ्यांत जास्त. मग नाक पुसायचं, फोनच्या काचेत काजळ बघायचं, आणि “काहीतरी खायला मागवा रे” म्हणायचं. भावानं लहानपणीच तिचं नाव तोटी ठेवलं होतं. तो गेल्यापासून ते नाव कुणी घेत नव्हतं. वहिनी घ्यायची, मनातल्या मनात, आणि मायेनं नव्हे.

रेकॉर्डिस्टची दुसरीच तऱ्हा. त्याला माणसं दिसायचीच नाहीत, आवाजाच्या रेघा दिसायच्या. “हिचा हुंदका फाटलाय,” असं तो शर्ट फाटल्यासारखं सांगायचा. आणि बाकीचं जग? सकाळपासून इमारतीतल्या बायकांच्या ग्रुपवर मेणबत्त्यांची चित्रं लागली होती. वरच्या मजल्यावरच्या बाईनं मेणबत्तीखालीच विचारलं होतं, आज पाण्याला जोर कमी आहे का, का फक्त आमच्याकडेच.

वहिनीला हे सगळे एकाच माळेचे मणी वाटत. आपण कोरड्या आहोत याचा तिला अभिमान होता, ओटा लख्ख ठेवणाऱ्या बाईला असतो तसा.

“वहिनी, बघून घे एकदा,” नणंद काचेपलीकडून म्हणाली. आवाज आधीच ओला. “मला तर दुसऱ्यांदा बघवणार नाही.”

आणि तिनं दुसऱ्यांदा बघितलं.

पडद्यावर एक बाई पालथ्या बादलीवर बसली होती. केसांत, भुवयांत, पापण्यांत माती. मागं जिथं गाव असायला हवं तिथं नुसता उतार. ती बोलत होती ते एका सुरात, बस कधीची आहे हे विचारावं तसं. वहिनीनं हातातल्या कागदावर भाषांतर वाचलं. मी शेजारणीकडे साबण आणायला गेले होते. तो आत झोपला होता. आवाज झाला. मागं वळले तर घर नव्हतं. मग बाई जरा थांबत होती, कॅमेऱ्याच्या बाजूला कुणाकडे तरी बघत होती आणि विचारत होती: कोंबड्या कुणी कोंडल्या का?

“घेऊ,” वहिनी रेकॉर्डिस्टला म्हणाली. “चालू कर.”

तिनं पहिला टेक दिला. पडद्यावरच्या बाईच्या सुरात, तिच्याच चालीनं.

“छान बसलं,” रेकॉर्डिस्ट म्हणाला. “रेघ जुळली अगदी.”

“रेघ जुळली, पण बाई कुठाय?” नणंदेनं डोळे टिपले. “वहिनी, नवरा गाडला गेलाय तिचा. ‘घर नव्हतं’ला कंठ दाटू दे ना.”

“तिचा दाटत नाहीये.”

“तिला धक्का बसलाय. आपण लोकांपर्यंत पोहोचवायचं असतं.”

“म्हणजे तिचं रडायचं राहिलंय ते मी रडून टाकायचं.”

“हो,” नणंद म्हणाली. तिला त्यात टोमणा दिसला नाही. “तेच तर काम आहे आपलं.”

दुसऱ्या टेकला वहिनीनं श्वास ओढून बघितला. तो पडसं झाल्यासारखा आला. रेकॉर्डिस्टनं तोंड फिरवलं, त्याचे खांदे हलले. नणंदेनं पेन टेबलावर ठेवलं.

“हे बघ, चॅनेलला संध्याकाळी द्यायचंय. तुला नसेल होत तर मी मुसळधारला बोलावते.” मुसळधार म्हणजे गल्लीपलीकडच्या स्टुडिओतली, स्वतःचं नाव सांगतानाही रडायची. “आणि चॅनेलला एकदा ती आवडली की पुढचं सगळंच तिच्याकडे जाईल. मग माझ्या हातात काही राहणार नाही. घरात बसून काय करणार आहेस तू?”

“बोलव.”

“असं तोडून बोलू नको गं. बरं, मधला मार्ग काढू. ‘घर नव्हतं’पाशी थांबू. कोंबड्यांचं वाक्य उडवून टाक रे.”

रेकॉर्डिस्टनं माउसवर हात ठेवला.

“ते नाही काढायचं,” वहिनी म्हणाली.

“का? कशाला हवंय ते?”

“तिनं विचारलंय.”

“अगं, हसतील लोक. नवरा मातीखाली आणि ही कोंबड्या विचारतेय. चांगली बाई वाईट दिसते त्यात. मी तिच्याच भल्याचं बोलतेय.”

“तिचं भलं तिला कळतंय. बाकी सगळं मुसळधारच्या आवाजात घे, पण ते वाक्य ठेव.”

“वहिनी, हट्ट करू नको. काय म्हणतील लोक तिला?”

“काय म्हणतील?”

रेकॉर्डिस्टला एकाएकी बिस्किटाचा पुडा हवासा झाला. तो कागद उचलून उचलून बघू लागला. पुडा समोरच होता. नणंदेचा हात टिश्यूच्या खोक्याकडे गेला, खोक्यावर थोडा वेळ राहिला आणि रिकामाच परत आला. पडद्यावर ती बाई पालथ्या बादलीवर तशीच थांबलेली, तोंड अर्धवट उघडं.

“सांग ना,” वहिनी म्हणाली. “काय म्हणतील?”

“आम्ही म्हणालो तेच,” नणंद म्हणाली. “दादाला घरी आणलं. आम्ही सगळे दारात उभे. तू बाहेर आलीस, त्याच्याकडे बघितलंस, आणि विचारलंस, दूध कुणी उतरवलं का. हिला काही वाटलंच नाही, असं म्हणालो आम्ही. सगळ्यांत आधी मी म्हणाले.”

बोलताना तिनं नाक ओढलं नाही, की मध्ये थांबली नाही. आवाज एका सुरात होता. बटण तिच्याच बोटाखाली दाबलेलं होतं, आणि रेकॉर्डिस्टला ते सोडवायचं धाडस होत नव्हतं.

वहिनीनं हेडफोन काढायला हात वर नेला, आणि काढण्याऐवजी कानावर घट्ट दाबून धरला.

“कुणीच उतरवलं नव्हतं,” ती म्हणाली.

“माहितीय. उतू जाऊन पातेलं जळलं होतं. सगळा ओटा भरला होता. तू आत जायच्या आधी मीच ते घासून काढलं.”