लाल केसांची गोब्नेट

खुंटीवरचं लाइफजॅकेट ओढून गोब्नेट दारापर्यंत धावली, आणि कडीला हात लावून तिथंच थांबली.

नवरा मॉरिस नुकताच धक्क्याकडे उतरला होता. बॉस्टनहून लेकीनं पाठवलेलं जॅकेट उद्या नक्की घालतो, असं त्यानं रात्री जेवताना कबूल केलं होतं, पण सकाळी विसरला. धक्का हाकेच्या अंतरावर. पण वाटेवरून दीर दोनाल आणि बाकीचे जाळी घेऊन निघाले होते, आणि गोब्नेटचे केस लाल होते.

समुद्रावर निघताना लाल केसांची बाई आडवी आली, की आमच्याकडची माणसं जाळी तिथंच उतरवतात आणि घरी परततात. निघालेल्याला मागून हाक मारणं तर त्याहून वाईट. नवी नवरी असताना ती एकदा पहाटे विहिरीवर गेली, तर त्या दिवशी एकही होडी सुटली नाही. दोनाल दारात येऊन म्हणाला होता, "वहिनी, पाणी दुपारी भरलं तर घसा सुकतो का गं तुझा?"

तेव्हापासून होड्या सुटेपर्यंत तिनं उंबरा ओलांडला नाही. "आमची राणीसाहेब उशिरा उठतात," मॉरिस गुत्त्यात सांगायचा आणि सगळे हसायचे. त्याचा त्या खुळावर विश्वास नव्हता. पण तू खुशाल बाहेर पड, असं मात्र तो कधी म्हणाला नाही.

सामन माशांचा हंगाम मुळातच थोडका. एक दिवस बुडाला तर सारं गाव तिच्या नावानं खडे फोडणार. गोब्नेटनं कडी सोडली.

दुपारी वारा फिरला आणि दोघा भावांची होडी उलटली. दोनालला मागच्या होडीनं ओढून घेतलं. मॉरिस सापडला नाही.

संध्याकाळी दोनाल ओल्या कपड्यांनी तिच्या स्वयंपाकघरात उभा होता. खुर्चीवरचं जॅकेट त्याला दिसलं.

"हे घरीच होतं?"

"हो."

"मग आणून का नाही दिलंस, वहिनी? दोन पावलांवर तर होतो आम्ही."

"वाटेत तुम्ही होतात ना," गोब्नेट म्हणाली.

दोनाल खाली बसला.

त्या हिवाळ्यात तिचे केस पार पांढरे झाले. आता ती रोज पहाटे धक्क्यावर येऊन बसते. माणसं जाळी घेऊन तिच्यासमोरून जातात, टोपीला हात लावतात, आज हवा बरी आहे म्हणतात. कुणीही परत फिरत नाही.