नेजातरावांचा नारळ

जगात शांतता नांदावी म्हणून ज्यांनी सर्वस्वाचा त्याग केला, त्यांत नेजात एर्गुवेन यांचं नाव आदराने घ्यावं लागेल. अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज गावच्या मराठी मंडळाला ते कसंही घेता येईना, म्हणून सर्वानुमते ‘नेजातराव’ ठरलं.

नेजातराव पूर्वी अमेरिकेतल्या तुर्की वकिलातीत होते. ब्याऐंशी साली आर्मेनियन अतिरेक्यांनी त्यांच्या सहकाऱ्याला भर रस्त्यात गोळ्या घातल्या. शोकसभेत नेजातराव म्हणाले, “मारेकऱ्यांच्या आजोबांनाही आपल्यापैकीच कुणीतरी मारलं होतं. त्यावरही बोलू या.” सहकाऱ्याची बायको उठून निघून गेली. सरकारने परत बोलावलं, तर यांनी राजीनामा दिला. मग तुर्की आणि आर्मेनियन, दोन्ही बाजूंनी एकाच आठवड्यात त्यांच्या दारावर अंडी फेकली. दोन्ही बाजूंचं एकमत झालं ते एवढ्यावरच.

आता अमेरिकेत राहायची परवानगी महिनाअखेर संपत होती आणि तिकडे तुर्कस्तानात त्या शोकसभेतल्या बोलण्याबद्दल लष्करी कोर्ट वाट बघत होतं. चर्चच्या शांतता केंद्रात नोकरी लागली तरच परवानगी वाढणार होती. केंद्राच्या मिसेस हॉलंड म्हणाल्या, “आधी तुमचं भाषण ऐकते.” भाषणाला माणसं हवीत. नेमका शनिवारी मराठी मंडळाचा प्रमुख पाहुणा आयत्या वेळी कॅन्सल झाला होता.

बिनखिडक्यांचा हॉल पाचपर्यंतच मिळाला होता. मिसेस हॉलंड शेवटच्या रांगेत बसल्या. स्टेजमागे अध्यक्ष त्र्यंबक आणि माजी अध्यक्ष चंद्रशेखर यांची जुंपली होती. पाहुण्यांची ओळख कोण करून देणार?

“प्रेसिडेंटच इंट्रोड्यूस करतो,” त्र्यंबक म्हणाले.

“पाहुणे शोधले कुणी? मी! राइड दिली कुणी? मी!”

“मग ड्रायव्हरने गाडीत बसावं.”

चंद्रशेखरांनी माइक हिसकावला. “अहो, भाड्याचा आहे तो!” मंडळाच्या खजिनदार शोभाकाकू ओरडल्या.

नेजातरावांच्या अंगात अख्खी वकिलात जागी झाली. भांडणाची भाषा कळत नव्हती, पण माइक कळत होता. दोघांच्या खांद्यांवर हात ठेवून ते इंग्रजीत म्हणाले, “दोघेही बोला. हवं तेवढं.”

दोघे वरमले. हस्तांदोलन झालं. नेजातरावांचे डोळे भरून आले. त्यांनी आयुष्यात मिटवलेलं हे पहिलंच भांडण.

त्र्यंबकांनी तुर्कस्तानचा इतिहास घोड्यांपासून सुरू केला. तोफांपर्यंत येईस्तोवर पोरं जमिनीवर झोपली. चंद्रशेखरांनी पाहुण्यांची ओळख म्हणून गेल्या दिवाळीतल्या थंड बटाटेवड्यांचं गाऱ्हाणं काढलं. मग स्वागतगीत, शाल, नारळ. टाळ्या ओसरल्यावर नेजातराव माइकपाशी आले.

“मित्रहो,” ते म्हणाले.

दिवे गेले.

“पाच वाजले,” दारातून रखवालदार म्हणाला.

शोभाकाकूंनी अंधारातच आभार मानले. “नेजातरावांच्या अत्यंत विचारप्रवर्तक भाषणाबद्दल मंडळ त्यांचं ऋणी आहे. श्रीखंड पार्किंग लॉटमध्ये मिळेल.”

मिसेस हॉलंडनी बाहेर नेजातरावांचा हात हातात घेतला. “इतक्या शांतपणे ऐकून घेणारा माणूस मी पाहिला नाही,” त्या म्हणाल्या. “पण आम्हाला बोलणारा हवाय.”

महिनाअखेर नेजातराव विमानात बसवले गेले. नारळाचं काय करतात हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि सन्मानाची वस्तू टाकून देणं त्यांच्या शिष्टाचारात बसत नव्हतं. इस्तंबूलला बेड्या घालून झाल्यावर पोलिसांनी तो संशयाने कानाशी हलवला, मग फोडला.

आत खोबरं होतं.